कोपऱ्यातला चेहरा

मिस इनसाफला रक्ताची भीती नव्हती. आमच्या बंदरावरच्या आरोग्य केंद्रात नर्स म्हणून तिची सत्तावीस वर्षं गेली; आमच्याकडे नर्सला, लग्न झालेलं असलं तरी, मिसच म्हणतात. तळव्यात रुतलेला गळ काढायचा, दोरखंडात सापडून तुटलेलं बोट बर्फात गुंडाळून दमिएत्ता शहरातल्या मोठ्या इस्पितळात धाडायचं, वादळात रस्ता बंद असताना अडलेल्या बाईची सुटका करायची, असली कामं ती चहा पिता पिता करी. समुद्रावर आरडाओरडा करणारे तांडेल तिच्यापुढे बाही वर करायची वेळ आली की मांजर होत. नवरा सौदीत सुतारकामाला. तो वर्षातून एकदा येई आणि तोही तिला जरा वचकूनच असे.

तिला भीती एकाच गोष्टीची होती, स्वतःच्या चेहऱ्याची. सात वर्षांची असताना स्टोव्हचा भडका उडाला आणि उजवा गाल कानापर्यंत भाजला. लग्नात तिची आत्या फोटोग्राफरला भर मांडवात म्हणाली, "डावीकडून काढ रे बाबा, उजवीकडून नको." मांडवातले दहा-बाराजण हसले. त्या दिवसापासून इनसाफने फोटो काढून घेतला नाही. घरात आरसा होता तो डोक्याला रुमाल बांधताना हनुवटीपर्यंतच दिसेल इतक्या खाली टांगलेला. आम्हा गावकऱ्यांना तो डाग इतका सवयीचा झाला होता की कुणाच्या नजरेतही येत नसे. पण हे तिला सांगणार कोण? सांगितलं असतं तरी तिने मानलं नसतं.

रमजानला पंधरा दिवस उरले होते तेव्हा जिल्ह्याहून फर्मान आलं. मधुमेह असून रोजे धरणाऱ्यांसाठी प्रत्येक केंद्राने आठ मिनिटांचा स्लाइडचा व्हिडिओ करायचा. नुसत्या स्लाइड नकोत, बोलणाऱ्याचा चेहरा कोपऱ्यात दिसला पाहिजे, म्हणजे लोक शेवटपर्यंत बघतात. आता हा शोध कुणी लावला देव जाणे. जिल्ह्याच्या कचेरीत बसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या चेहऱ्याची काय फिकीर!

केंद्राच्या डॉक्टर हाझेमने सरळ इनसाफचं नाव घातलं.

"मला नाही जमणार, डॉक्टर," ती म्हणाली. "तुम्ही करा. तुम्ही शिकलेले, दिसायला बरे."

"मिस, मी बोलायला लागलो की तांडेल घोरायला लागतात. तुमचं ऐकतात ते."

"माझं ऐकतात कारण माझ्या हातात सुई असते."

"मग सुई घेऊन बसा," डॉक्टर म्हणाला आणि राउंडला निघून गेला.

स्लाइड डॉक्टरने स्वतः लिहिल्या, कागदावर छापल्या, दोनदा तपासल्या. त्यात चूक नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. शेवटून दुसऱ्या स्लाइडवर तीन ओळी होत्या. सकाळचा पूर्ण डोस इफ्तारला घ्या. साखर सत्तरच्या खाली गेली तर त्याच क्षणी रोजा सोडा. आणि सगळ्यात खाली, अर्धा रात्रीचा डोस सहेरीला.

रेकॉर्डिंगची जबाबदारी नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या रिहाबकडे आली. तिशीची, तीन मुलांची आई, जिभेला हाड नाही. तिने जुन्या फायलींची खोली निवडली, कारण लसींच्या खोलीतला फ्रिज बंद करता येत नव्हता आणि तो चालू असला की आवाजात घुंघुं ऐकू येई. खिडकीला चादर लावली, टेबलावर केसपेपरांचे गठ्ठे रचून त्यावर लॅपटॉप चढवला.

"डोळ्यांच्या उंचीवर पाहिजे, मिस. नाहीतर नाकपुड्याच दिसतात."

इनसाफ खुर्चीत बसली. पडद्यावर एका बाजूला स्लाइड आणि कोपऱ्यात गोल खिडकीत तिचा चेहरा. तिने तो पाहिला मात्र, तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने झटकन तळहाताने तो गोल झाकला.

"ते झाक," ती म्हणाली. "मला दिसलं नाही पाहिजे."

रिहाबने एक चिकटपट्टी घेतली आणि पडद्यावरच्या त्या गोलावर, इनसाफला दिसू नये म्हणून, कागदाचा तुकडा चिकटवला.

पहिल्या वेळी इनसाफ बातम्या वाचणाऱ्या बाईसारखी पुस्तकी अरबी बोलायला लागली. दुसऱ्या वेळी स्लाइडवरचं जसंच्या तसं वाचून मोकळी झाली. तिसऱ्या वेळी मध्येच पुढचं विसरली. सहाव्या वेळी रिहाबने कपाळावर हात मारला.

"मिस, माझ्या सासूच्या मयतीला लोक यापेक्षा जास्त हसत होते."

"मग तू बस इथे!"

"अहो, तुम्ही लॅपटॉपशी बोलताय. माणसाशी बोला." तिने समोर एक रिकामी खुर्ची ओढली. "इथे रयीस शहात्ता बसलाय असं समजा. पाय पसरून, तसबीहचे मणी ओढत, तुमचं काही ऐकायचंच नाही असं ठरवून."

रयीस शहात्ता म्हणजे 'मबरूका' बोटीचा तांडेल; तांडेलाला आमच्याकडे रयीस म्हणतात. साठीचा, दोन वेळचं इन्सुलिन, आणि चाळीस वर्षांत एकही रोजा चुकवला नाही ही त्याची मिरवायची गोष्ट. दर महिन्याला तो केंद्रात येई ते औषध न्यायला कमी आणि इनसाफशी हुज्जत घालायला जास्त.

इनसाफने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि तिचा आवाज ठिकाणावर आला.

"हसू नका, रयीस. गेल्या रमजानात तुम्हाला चौघांनी उचलून आणलं होतं. तुम्हाला शुद्ध नव्हती म्हणून आठवत नसेल, मला आठवतंय. तुमचा पाय माझ्या टेबलावरून खाली लोंबत होता. आता नीट बघा. ही पहिली स्लाइड. हे पोटात काय होतं त्याचं चित्र आहे. नाही, हा मासा नाही, हे तुमचं स्वादुपिंड आहे..."

आठ मिनिटं ती न थांबता बोलली. शेवटून दुसऱ्या स्लाइडवर बोट नाचवून म्हणाली, "अर्धा म्हणजे अर्धा. वीसचे दहा. मासळीच्या लिलावात करता तशी घासाघीस इथे नाही." दाराबाहेर थांबलेला शिपाईसुद्धा हसला.

"झालं!" रिहाब टाळ्या वाजवत म्हणाली. "आता एकदा बघून घ्या, मग पाठवते."

इथेच ती चूक झाली. चूक इनसाफची, तिने ती कधी नाकारली नाही. तिने पदराने डोळे झाकावेत तसा रुमाल डोळ्यांवर ओढला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. नुसता आवाज ऐकला. आवाज स्वच्छ होता. रिहाब बिचारी सकाळपासून इनसाफच्या चेहऱ्याकडे बघून दमली होती. तिनेही चेहराच बघितला, रुमाल सरकला तर नाही ना, एवढंच.

"छान आहे," इनसाफ भिंतीला म्हणाली. "पाठव आणि पुसून टाक."

व्हिडिओ गेला आणि आमच्याकडे आग लागावी तसा पसरला. बायकांनी नवऱ्यांना धाडला, नवऱ्यांनी दुसऱ्या बंदरांतल्या सोबत्यांना. रोजे सुरू झाले. बेकरीसमोरच्या रांगेत बायका इनसाफला चिडवू लागल्या. "मिस, माझ्या नवऱ्याच्या फोनमध्ये माझ्यापेक्षा तूच जास्त दिसतेस!" प्रत्येक तांडेलाची खात्री होती की व्हिडिओतला रयीस म्हणजे आपणच. इनसाफ तोंड वाकडं करी, पण मनातून सुखावली होती. डागाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. व्हिडिओ मात्र तिने तेव्हाही पाहिला नाही.

आठव्या रोजाला सकाळी दहाच्या सुमारास शहात्ताची बायको नबविया केंद्रात आली ती फणकाऱ्यातच.

"मिस, माझी आणि त्याची भांडणं लावलीस बघ तू!"

"मी काय केलं गं?"

"सात दिवस पहाटेच्या सहेरीला मीच सुई दिली त्याला. तुझा व्हिडिओ स्वयंपाक करता करता ऐकला, तू अर्धा म्हणालीस, मी दहाच दिले. काल दुपारी बोट निघाली. किनारा सुटायच्या आत फोन करून मला म्हणतो, बाई, तुझे कान तपास, मिसने रात्रीचा पूर्ण डोस लिहिलाय. सात दिवस मला कमी देत होतीस तू! आता माझा मी वीस घेणार, म्हणाला. सांग आता, कोण खरं?"

"अर्धाच. स्लाइडवर लिहिलंय की."

"कुठे लिहिलंय? दाखव." नबवियाने फोन पुढे केला. तिने तो व्हिडिओ त्या जागी आणून थांबवलाच होता.

आणि इनसाफने पहिल्यांदा तो पाहिला.

पडद्यावर उजव्या खालच्या कोपऱ्यात तिचा गोल चेहरा होता. बोट वर, डोळे वटारलेले, भाजलेला गाल पुढे. ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची लिपी डावीकडून सुरू होते, उजवा खालचा कोपरा त्यांच्याकडे रिकामा पडतो, म्हणून त्यांनी चेहऱ्याला तिथे जागा दिलेली. आमची अरबी ओळ उजवीकडून, म्हणजे तिथूनच सुरू होते. शेवटच्या ओळीचा पहिला शब्द तिच्या गालाखाली गेला होता. उरलं होतं ते एवढंच: रात्रीचा डोस सहेरीला.

आणि बोटीवर इंजिनच्या धडधडाटात आवाज कुणाला ऐकू येतो? तिथे माणसं फोन वाचतात.

इनसाफची पाचावर धारण बसली. पहाटे चारला सुई. आता दहा. सहा तास. अशा इन्सुलिनचा जोर आत्ताच चढतो. आणि त्याने पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही, सूर्य डोक्यावर येतोय, आणि चाळीस वर्षांचा तो हट्ट.

"काय झालं?" नबवियाने विचारलं. "मिस? तू अशी पांढरी का पडलीस?"

"चल," इनसाफ म्हणाली. "पळ."

बंदरावरच्या वायरलेसच्या खोलीपर्यंत सात-आठ मिनिटांची वाट आहे. दोघी बायका भर रस्त्यात धावल्या, नबविया छाती पिटत आणि इनसाफ मुकाट्याने. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, की ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. आठ मिनिटं स्वतःचं तोंड बघितलं असतं तर! एवढं काय होतं त्यात? एक गाल तर होता.

वायरलेसवाल्याने 'मबरूका'ला हाक दिली. एकदा, दोनदा, पाच वेळा. नुसती खरखर. नबविया खाली बसली. सहाव्या वेळी खलाशी इसावीचा आवाज आला.

"मबरूका बोलतेय. काय आहे?"

इनसाफने माइक ओढून घेतला. "इसावी, मी मिस इनसाफ. रयीस कुठे आहेत?"

"इथेच बसलेत सुकाणूपाशी. आज डोकं फिरलंय त्यांचं. सगळ्यांना शिव्या देतायत, मघाशी जाळं उलटं टाकायला लावलं. घामाने भिजलेत नुसते."

"हात थरथरतायत?"

"हो."

"इसावी, रोजा सोडायला लाव त्यांना. खजूर, साखर, मध, जे असेल ते. आत्ता."

मग शहात्ताचा आवाज आला, जड, अडखळता. "कोण, मिस? इथेही आलीस? जा, जा. माझा रोजा आहे."

वायरलेस म्हणजे काही फोन नव्हे. त्या पट्टीवर तीसेक बोटी कान लावून होत्या, आणि हे शहात्ताला पक्कं माहीत होतं. सगळ्या ताफ्यासमोर, भर सकाळी, तांडेलाने तोंडात खजूर घालायचा!

"रयीस, हट्ट पुरे," इनसाफ नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाली. "गुपचूप तोंड उघडा!"

"सुई आहे का हातात?" तो हसला. हसताना शब्द एकमेकांत अडकत होते. "तू लिहिलंस तेवढंच घेतलं मी. वीस. आता पुन्हा ओरडतेस."

इनसाफच्या लक्षात आलं की ओरडून काही होणार नाही. ओरडणं म्हणजे त्या दोघांचा वीस वर्षांचा खेळ होता आणि तो खेळ तो या घडीलाही खेळत बसला होता. ती वाकली, दोन्ही हातांनी माइक धरला.

"रयीस, मी चुकले," ती म्हणाली. "तिथे अर्धा लिहिलं होतं. माझं तोंड त्या शब्दावर आलं. मी व्हिडिओ बघितला नाही, कारण मला माझं तोंड बघवत नाही. गाल भाजलाय ना, म्हणून. तुम्ही दुप्पट डोस घेतलाय, तो माझ्यामुळे. मी घाबरलेय, रयीस. तुम्ही खाल्लं नाही तर तुम्ही मराल आणि तुम्हाला मी मारलेलं असेल. ऐकताय ना? मी फार घाबरलेय."

मग मध्येच कुणीतरी दुसऱ्याच बोटीवरून बोललं, "खा रे शहात्ता. आम्ही काही ऐकलं नाही." अजून एकजण म्हणाला, "अल्लाला माहीत आहे, खा."

"गाल?" शहात्ता शेवटी म्हणाला. "कसला गाल?"

मग इसावीचा आवाज. "मिस, खातायत. खजूर. पाच खजूर दिलेत. आता तिळाचा हलवा देतोय."

नबविया मोठ्याने रडायला लागली. इनसाफ माइक खाली ठेवणार, इतक्यात खरखर झाली आणि एक अनोळखी, घाबरा आवाज आला.

"मिस... मी 'सलामा'वरून बोलतोय. मीपण पूर्णच घेतलाय."

मग तिसरा. मग चौथा. इनसाफने एकेकाचं नाव विचारलं, सुई किती वाजता घेतली ते विचारलं, एकेकाला खाताना ऐकलं. तास गेला. शेवटी शहात्ताने वायरलेसवर न अडखळता दोन शिव्या स्वच्छ दिल्या, तेव्हा ती उठली.

पण वायरलेस किनाऱ्यापासून जेवढा जातो तेवढाच जातो, आणि व्हिडिओ तर कुठल्या कुठे गेला होता. केंद्रात परतली तेव्हा बातमी तिच्या आधीच तिथे पोचली होती. डॉक्टर हाझेम टेबलाशी उभा होता, चेहरा उतरलेला. "मी जिल्ह्याला सांगून काढायला लावला," तो म्हणाला. "पण लोकांनी पुढे धाडलेला कसा काढणार?"

"रिहाब," इनसाफ म्हणाली, "फोन काढ."

"स्लाइड दुरुस्त करते आधी, मिस."

"स्लाइड नको. चादर नको. इथेच." तिने औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर शाईच्या जाड पेनाने एकच शब्द लिहिला, 'अर्धा', आणि गालाशेजारी धरला. रुमाल घामाने चिकटला होता, श्वास लागला होता. "मी मिस इनसाफ. हा चेहरा ओळखा. याच चेहऱ्याने एक शब्द झाकलाय..." एक मिनिटात तिने सगळं सांगितलं आणि केंद्राचा नंबर दिला. मग फोन हातात घेतला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःकडे बघितलं, अक्षर अन् अक्षर तपासलं.

"पाठव."

पहिला फोन वीस मिनिटांत आला. पोर्ट सैदची कुणी बाई होती, जवळजवळ कुजबुजत बोलत होती. नवऱ्याने सहेरीला पूर्ण सुई घेतली, नमाजनंतर आडवा झाला, अजून निजलाय, रोज एवढ्यात उठतो.

"त्याला हाक मार," इनसाफ म्हणाली. "मी फोनवर आहे. खांदा धरून हलव. जोरात."

पलीकडे बाई हाक मारू लागली. फतही. फतही. आवाज चढत गेला, मग फाटला. इनसाफने टेबलाची कड घट्ट धरली होती. डॉक्टर जवळ येऊन उभा राहिला. रिहाब तोंडावर हात ठेवून रडत होती. फतही, ऊठ ना रे. फतही.

आणि मग खूप लांबून, घोगरा, वैतागलेला पुरुषी आवाज आला, "काय आहे गं? माणसाला झोपू देत नाहीस."

इनसाफ मटकन खुर्चीत बसली आणि हुंदके देत रडू लागली. फोन तिने सोडला नाही.

"बाई," रडत रडतच ती म्हणाली, "आधी साखरेचं पाणी पाज त्याला. भांडा मग."